वरच्या फांदीवरची टिटवी

एका जंगलात, बाळांनो, एक महाविद्यालय होतं. हसू नका. जंगलात राजा असलेला तुम्हाला चालतो, प्रधान चालतो, दरबार चालतो. मग महाविद्यालयानंच काय घोडं मारलंय?

तर ते सिंहमहाराजांनी काढलं होतं. शेजारच्या जंगलात होतं, म्हणून आपल्याकडेही हवं, एवढंच कारण. प्राचार्य होते घुबड. वर्ग दिवसा भरत आणि प्राचार्य दिवसा झोपत. दर वर्षीच्या अहवालात 'शिस्त उत्तम' असं लिहिलेलं असे. अहवाल प्राचार्य स्वतःच लिहीत.

या महाविद्यालयात टिवली नावाची एक टिटवी दाखल झाली. तिच्या घराण्यातली शिकायला आलेली ही पहिलीच. आधीच्या टिटव्यांना शिकायला सवड नव्हती, कारण त्यांना काम होतं.

काम कोणतं ते सांगतो. टिटवी नदीकाठच्या गोट्यांमध्ये राहते, अगदी उघड्यावर. कुणी शिकारी येताना दिसला की ती जीव तोडून ओरडते. टिटिव, टिव, टिव! ते ऐकून हरणं पळतात, ससे झुडपात शिरतात, लावे गवतात दडून बसतात. धोका टळला की सगळे सुखरूप परत येतात आणि म्हणतात, "काय मेली कर्कश ओरडते! अपशकुनी कुठली!"

असे हे जंगलवासी. तुमच्या इमारतीतले शेजारी याहून वेगळे असतील, तर मला जरूर कळवा.

टिवलीच्या आईचा उभा जन्म ओरडण्यात गेला होता. पोरीनं शिकावं असं तिला फार वाटे. "ओरडायचं तर आहेच गं," ती म्हणे, "पण आपण कशासाठी ओरडतो, ते तुला चारचौघांत नीट सांगता तरी येईल."

बिचारीला महाविद्यालय म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

त्या महाविद्यालयात वर्गांपेक्षा मंडळं जास्त होती. रानडुकरांचं चिखल मंडळ होतं. हरणांचं खूर मंडळ होतं. पण सगळ्यांचा जीव जिच्यासाठी तळमळे, ती म्हणजे वरची फांदी.

अंगणात एक वड होता. त्याच्या सगळ्यात वरच्या आडव्या फांदीवर या मंडळाचे सभासद बसत. तिथं बसून ते काय करत, असं तुम्ही विचाराल. बसत. बसून खाली बघत. दुसरं काही केलेलं कुणी पाहिलं नाही. पण ते इतक्या ऐटीत बसत की खालून जाणाऱ्याला आपण उगाच जन्माला आलो असं वाटावं.

मंडळाचा अध्यक्ष होता हुप्पाजी वानर. सहा वर्षं तो शेवटच्या वर्षाला होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं टिवलीला गाठलं.

"तू नदीकाठची टिटवी ना? वा! आमच्याकडे एकही टिटवी नाही. सगळ्या थरांतले सभासद असले की मंडळ कसं शोभून दिसतं."

"वर येऊन काय करायचं असतं?" टिवलीनं विचारलं.

"बसायचं."

"आणि?"

"आणि ओळखी गं! दरबारात जा. प्रधान कोण? आमच्या फांदीवरचा. कोतवाल कोण? आमच्या फांदीवरचा. शिकून कुणाचं भलं झालंय? आमच्या प्राचार्यांकडे बघ, आहे का जाग?"

ते शेवटचं खरं होतं. त्यामुळे टिवलीला बाकीचंही खरं वाटलं. असं फार जणांचं होतं.

ती संध्याकाळी घरी गेली आणि आईला म्हणाली, "आई, मी वरच्या फांदीत जाते. सगळ्या जातायत."

"सगळ्या म्हणजे कोण?"

"सगळ्या म्हणजे खारीची मुलगी. आणि पोपटाची जाणार आहे बहुतेक."

आई तिच्या पायांकडे बघत राहिली. "अगं, आपल्या पायाला मागचं बोट नावालाच. फांदी धरणार कशानं? आपल्या सात पिढ्यांत कुणी झाडावर बसलेलं नाही."

"म्हणूनच सात पिढ्या गोट्यांत राहिल्या आपल्या!"

आईला ते लागलं, पण तिनं दाखवलं नाही. "बरं. जाऊन मिळणार काय?"

"भाऊ-बहिणी मिळतील, आई. जन्मभराच्या."

"त्या तर मीच देते दर वर्षी, चार-चार," आई म्हणाली.

टिवलीनं मान फिरवली. मुलं शिकायला लागली की त्यांना घरातली भावंडं भावंडांत धरायची नसतात. ती फुकट मिळालेली असतात ना!

मग सुरू झाला नवख्यांचा पंधरवडा. फांदीवरचा कुणी दिसला की चोच चिखलात खुपसायची आणि म्हणायचं, "मी खालची." हुप्पाजी मुद्दाम त्याच वाटेनं दिवसातून वीस वेळा जाई. उरलेल्या वेळात टिवलीनं त्याच्या पाठीतल्या गोचिडी काढायच्या. यानं आपुलकी वाढते, असं तिला सांगण्यात आलं. गोचिडींची वाढत असावी.

फांदीवर उभं राहणं हे वेगळंच दुखणं होतं. टिवली उभी राही, डोले आणि धपकन खाली पडे. वरून सगळे खो खो हसत. फक्त नकुल नावाचा एक मुंगूस हसला नाही. तो साप मारणाऱ्यांच्या घराण्यातला, त्यामुळे मंडळात त्याचा दरारा मोठा. त्यानं तिला समजावलं, "पायांनी धरायला जाऊ नकोस. पोट टेकव, पंख थोडे उघडे ठेव, आणि खाली अजिबात बघू नकोस. जमेल."

आणि जमलं की हो! टिवलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचे उपकार विसरणार नाही, नकुलदादा," ती म्हणाली.

मुंगूस काय खातो हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. टिटवीच्या पिल्लाला ते अंड्यातून बाहेर यायच्या आधीच ठाऊक असतं. पण फांदीवर बसलेला मुंगूस तिला मुंगूस वाटेना. तो तिला दादा वाटायला लागला.

पंधरवडा संपला आणि शपथेचा दिवस आला. या मंडळाची एक रीत होती. तिला 'पायथ्याशी ठेवणं' म्हणत. वर चढण्याआधी प्रत्येक नवख्यानं आपलं काहीतरी वडाच्या पायथ्याशी कायमचं ठेवून जायचं. साधंसुधं नाही, सोडताना जीवाला लागेल असं. मंडळासाठी काय सोडलंस, यावर तुझी किंमत ठरायची.

खारीच्या मुलीला दाणे पुरून ठेवायची सवय सोडायला सांगितलं. तिनं सोडली, आणि हिवाळ्यात उपाशी राहिली. उपाशी, पण फांदीवर. साळिंदराच्या मुलीला काटे ठेव म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "आणि बिबट्या आला तर त्याला काय दाखवू? सभासदपत्र?" आणि चालती झाली. तिच्याबद्दल मंडळात पुढं कितीतरी दिवस बोलत होते, की मुलगी बरी होती, पण मिसळणारी नव्हती.

टिवलीची पाळी आली. हुप्पाजी म्हणाला, "तू तुझं ओरडणं ठेव."

टिवली घाबरली. "सगळं?"

"छे, छे! आम्ही काय रानटी आहोत? जगावर खुशाल ओरड. फक्त फांदीवरच्या कुणावर ओरडायचं नाही. कधीही, कुठंही. भावावर कुणी ओरडतं का?"

टिवलीला वाटलं, स्वस्तात सुटले. फांदीवरच्यांवर ओरडायची वेळ येतेय कशाला! किती सभ्य सगळे. तिनं पायथ्याशी उभं राहून शपथ घेतली. वरून सगळ्यांनी शेपट्या कपाळाला लावून मंडळाची सलामी दिली. टिवलीला शेपटी तोकडी, म्हणून तिला पंख लावायची खास परवानगी मिळाली. त्या परवानगीचंही तिला केवढं कौतुक!

पुढचे दिवस फार मजेत गेले, हे मान्य केलं पाहिजे. वर्गात तिला पुढची जागा मिळू लागली. परीक्षेतले प्रश्न आदल्या आठवड्यात वडावरून खाली येत, पण ते फक्त वरच्यांना दिसत. पूर्वी तिला अपशकुनी म्हणणारे ससे आता "कशा आहात टिवलीताई?" म्हणून वाट सोडत. ती घरी कमी जाऊ लागली. गेली तरी गोटे पायाला टोचतात म्हणून कुरकुरायची. ज्या गोट्यांत जन्मली ते गोटे!

उन्हाळा आला. आईनं गोट्यांच्या खळग्यात चार अंडी घातली, मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. बाप पलीकडच्या काठावर पहाऱ्याला असे. आईनं टिवलीला निरोप धाडला, की दुपारची तेवढी येत जा, मला पाण्यावर जाता येईल.

टिवली आली. उपकार केल्यासारखी आली, पण आली.

त्या दुपारी गोटे नुसते भाजत होते. आई म्हणाली, "मी पोटाची पिसं भिजवून येते. ओल्या पोटानं बसलं की अंडी गार राहतात. पाणी इथं शंभर पावलांवर तर आहे. कुणी दिसलं की ओरड. मी आलेच."

आई गेली. आणि निरगुडीच्या झुडपातून एक मुंगूस बाहेर आला.

टिवलीची मान ताठ झाली. चोच उघडली. घशात ओरड आली. इतक्यात मुंगूस मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्यानं शेपटी कपाळाला लावून सलामी दिली.

"अगं, टिवली! तू इथं राहतेस होय?"

तो नकुलदादा होता.

टिवलीची चोच उघडी ती उघडीच राहिली. मग ती म्हणाली, "दादा, ही माझ्या आईची अंडी आहेत."

"हो का? छान आहेत. कुणाची आहेत असं मी विचारलं का?"

"तुम्ही दुसरीकडे जाल का, दादा?"

नकुलचा चेहरा पडला. खरंच पडला, त्याला ते छान जमायचं. "जाईन की. पण तुझ्या तोंडून हे ऐकायला लागेल असं वाटलं नव्हतं. तू फांदीवरून पडायचीस, तेव्हा मी म्हणालो का, दुसरीकडे जा?"

"नाही, दादा."

"मग हा परकेपणा कशाला? एकच घेतो. तीन राहतील. तीन काय कमी आहेत?"

"नको ना, दादा," टिवली म्हणाली. हळूच म्हणाली. दहा पावलांवर ऐकू जाणार नाही इतकं हळू.

अरे, ओरडायचं होतं, बाळांनो! नुसतं ओरडायचं होतं. टिटवीला दुसरं काही करावंच लागत नाही. आई शंभर पावलांवर होती, बाप समोरच्या काठावर होता. दोघांनी मिळून झेपा घातल्या असत्या तर त्या मुंगसाला पळता भुई थोडी झाली असती. हे टिवलीला कळत होतं.  पण तिला उद्याचा वड दिसला. सगळे वर बसलेत, आपण खाली उभ्या आहोत, आणि कुणी ओळख दाखवत नाही. तिनं ओरड गिळली.

नकुलनं पहिलं अंडं फोडलं. "या वर्षी कवच जरा पातळ आहे," तो म्हणाला. मग त्यानं उरलेल्या तिघांकडे पाहिलं. "तीन काही बरी दिसत नाहीत. दोन कशी, जोडीनं राहतील."

दोन राहिली. मग त्याला वाटलं की दोघांपैकी एकाला तरी मोठेपणी या दुपारचं दुःख होईलच, तर तेही कशाला? आणि शेवटच्याला एकटं ठेवणं हा तर निर्दयपणा. फांदीवरच्यांना सगळ्याला कारण असतं. ते पोट भरण्याआधी कारण शोधतात, म्हणून तर त्यांना सभ्य म्हणायचं.

तोंड पुसून तो म्हणाला, "तू गप्प राहिलीस, हे मी विसरणार नाही." आणि सलामी देऊन निघून गेला.

टिवलीनं पंख कपाळाला लावून सलामी परत केली. सवय हो, दुसरं काय!

आई आली. पोटावरून पाणी निथळत होतं. तिनं कवचं पाहिली.

"कोण आलं होतं?"

"नकुलदादा."

"कोण?"

"मुंगूस."

"तू कुठं होतीस?"

"इथंच."

"मग ओरडली का नाहीस गं?"

"आई, तो फांदीवरचा आहे," टिवली म्हणाली.

 आईनं कवचं चोचीनं बाजूला केली, आणि त्या रिकाम्या खळग्यात ओल्या पोटानं बसून राहिली. ऊन उतरलं तरी उठली नाही. मला त्या टिवलीचा संताप येतो, पण तिच्या आईचं काही सांगायला लागलो की माझा आवाज जातो. म्हणून पुढं जातो.

टिवली दुसऱ्या दिवशी फांदीवर बसून रडली. हे सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. पण मंडळात रडण्याचीही सोय असते. हुप्पाजीनं लगेच सभा बोलावली. "काल आपल्या एका भगिनीची परीक्षा झाली," तो म्हणाला, "आणि ती उत्तीर्ण झाली. महाविद्यालयातून उत्तीर्ण होणारे पुष्कळ असतात. फांदीवरून उत्तीर्ण होणारे थोडे!" नकुलनं डोळे पुसले. टिवलीला मंडळाच्या वतीनं पानांचा हार घालण्यात आला आणि खोडाजवळची, पडायची भीती नसलेली जागा देण्यात आली. संध्याकाळपर्यंत तिचं रडं थांबलं. हार बरा दिसत होता.

त्याच सुमारास सिंहमहाराजांच्या दरबारात मुख्य पहारेकऱ्याची जागा रिकामी झाली. जुना पहारेकरी म्हणजे एक मोर. त्यानं प्रधानजींच्या मेहुण्यावर ओरडण्याचा गाढवपणा केला होता. हुप्पाजीनं प्रधानाला टिवलीचं नाव सुचवलं. मुलाखत झाली.

"समज, जंगलात लांडगा शिरला," प्रधान म्हणाला, "तर काय करशील?"

"तो कुठल्या मंडळाचा आहे, हे आधी विचारीन," टिवली म्हणाली.

प्रधानानं महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी जांभई दिली. नेमणूक झाली.

मुख्य पहारेकरी म्हणून टिवलीनं अतिशय चांगलं काम केलं. पहिल्याच वर्षी तिचा अहवाल आला, की धोक्याच्या सूचना निम्म्यावर आल्या असून जंगल पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाले आहे. हरणंही निम्म्यावर आली होती, पण तो विषय तिच्या खात्याचा नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात तिला कळलं की आईनं पुन्हा अंडी घातली आहेत. तिचं मन भरून आलं. खोटं नाही सांगत, तिच्या आत कुठंतरी ती टिटवी होतीच. तिनं बरोबर कुणाला घेतलं नाही. गळ्यातला दरबारी पट्टाही काढून ठेवला. आईजवळ बसावं, आई पाण्यावर जाईल तेव्हा राखण करावी, एकदा तरी नीट करावी, असं ठरवून ती भर दुपारी एकटीच नदीच्या पात्रात उतरली.

गोटे भाजत होते. ती चालत राहिली. लांबून तिला आई दिसली, खळग्यात बसलेली.

आईनंही तिला पाहिलं. आई ताडकन उठली. तिची मान ताठ झाली, आणि ती जीव तोडून ओरडायला लागली. टिटिव, टिव, टिव!

काठावरची हरणं उधळली. ससे झुडपात शिरले. पलीकडून बाप उडत निघाला.

टिवलीला वाटलं, मुंगूस आला की काय? तिनं गर्रकन मागं वळून पाहिलं. झुडपं पाहिली, आभाळ पाहिलं, पुन्हा मागं पाहिलं.

तिथं कुणीच नव्हतं. आणि आई अजून तिच्याकडेच बघून ओरडत होती.

तात्पर्य : मुलांनो, महाविद्यालयात गेलात की मंडळात जरूर शिरा. बाहेर राहिलात तर जन्मभर घसा फोडून ओरडावं लागतं आणि वर अपशकुनी म्हणवून घ्यावं लागतं. आत शिरलात तर नुसतं गप्प बसून पहारेकरी होता येतं. अंडी काय, दर वर्षी होतातच. राहता राहिली आई. तिच्या ओरडण्याचा फारच त्रास झाला, तर तक्रार मुख्य पहारेकऱ्यांच्या कार्यालयात करता येते. तिथं सगळी आपलीच माणसं आहेत.